नांगराला ढील किती द्यायची? तरंगत्या बार्जवर लाटेचं बल कसं काढतात



आपला भंडारा तलावांचा जिल्हा. एकोडी-साकोलीच्या पट्ट्यातल्या मुलांना मालगुजारी तलाव, बोड्या, ढिवर बांधवांचे डोंगे हे सगळं ओळखीचं आहे. समुद्र मात्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही आजचा पाठ समुद्राचा आहे. दोन कारणं आहेत. एक म्हणजे, आठवीतलं 'बल व दाब' आणि नववीतले 'गतीचे नियम' एकत्र वापरून पाहायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणं कठीण. दुसरं कारण जास्त गंभीर आहे.

१७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गुजरातकडे सरकत होतं. मुंबईच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रांत अनेक बार्ज उभ्या होत्या. बार्ज म्हणजे सपाट तळाची, पेटीसारखी मोठी तरंगती जागा. तेलविहिरींच्या कामावरची माणसं तिच्यावर राहतात. त्यातल्या पी-३०५ या बार्जचे नांगर वादळात टिकले नाहीत. बार्ज वाहवत गेली आणि संध्याकाळी बुडाली. वरप्रदा नावाची टगबोटही बुडाली. दोन्ही मिळून २७४ माणसं होती. नौदलाने आणि इतर जहाजांनी १८८ जणांना वाचवलं, ८६ जण गेले. त्याच वादळात गॅल कन्स्ट्रक्टर ही बार्ज वाहत किनाऱ्याला लागली, तिच्यावरचे १३७ जण वाचले. सागर भूषण हे विहीर खोदणारं जहाजही नांगर सुटून वाहवलं, त्यावरचे १०१ जण सुखरूप परतले.

या बार्जवर वेल्डर होते, फिटर होते, स्वयंपाकी होते. देशाच्या कानाकोपऱ्यातून कामासाठी गेलेली पोरं. आपल्याकडचीही मुलं आयटीआय करून अशा कामांवर जातात. म्हणून प्रश्न असा घेऊ या: लाट बार्जला ढकलते ती किती बलाने? आणि नांगर नेमका कशामुळे हरतो?

लाट म्हणजे पुढे धावणारं पाणी नव्हे

मुलांना आधी हे पटवून द्यावं लागतं. तलावात लाटा उठल्या की पाण्यावरचं सुकं पान बघायला सांगा. लाट पुढे जाते, पान मात्र जवळपास तिथंच वर-खाली, पुढे-मागे होत राहतं. पाण्याचा प्रत्येक थेंब गोल फिरतो आणि पुन्हा जवळपास जागेवर येतो.

लाटेची तीन मापं लक्षात ठेवायची. शृंगापासून गर्तापर्यंतची उंची, एका शृंगापासून पुढच्या शृंगापर्यंतची तरंगलांबी, आणि दोन शृंगं एका जागेवरून जायला लागणारा वेळ म्हणजे आवर्तकाल. खोल पाण्यात यांपैकी दोन मापांचं सोपं नातं आहे:

तरंगलांबी (मीटर) = १.५६ × आवर्तकालाचा वर्ग

आवर्तकाल १० सेकंद असेल तर तरंगलांबी १५६ मीटर. लाट सेकंदाला १५.६ मीटर, म्हणजे ताशी ५६ किलोमीटर वेगाने पुढे जाते. तरंगलांबीच्या निम्म्याहून पाणी खोल असेल तर हे सूत्र चालतं. मुंबई हायजवळ खोली ७५ मीटरच्या आसपास आहे आणि १५६ चे निम्मे ७८, म्हणजे आपल्या हिशेबाला ते पुरेसं आहे.

आता ६ मीटर उंचीची, १० सेकंदांची लाट घेऊ. पृष्ठभागावरचा थेंब ३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात १० सेकंदांत एक फेरी मारतो. परीघ भागिले वेळ केलं की त्याचा वेग सेकंदाला १.८८ मीटर येतो. आणि वेग सतत दिशा बदलतो म्हणून त्वरण येतं, सुमारे १.१८ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे लाट ताशी ५६ किलोमीटरने जाते, पण पाणी ताशी ७ किलोमीटरनेसुद्धा जात नाही. खाली खाली तर वर्तुळं लहान होतात. ७८ मीटर खोलीवर हालचाल पृष्ठभागाच्या फक्त ४ टक्के उरते.

आधी सोपं: तळात रोवलेला खांब

१९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडलं ते सागर सम्राट या रिगवरून. ती रिग काम करताना समुद्राच्या तळावर पाय रोवून उभी राहते. अशा खांबावरचं बल काढायची रीत १९५० मध्ये अमेरिकेतल्या मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. कल्पना अगदी सरळ आहे. पाणी खांबाला दोन कारणांनी ढकलतं.

पहिलं कारण पाण्याचा वेग. सायकल जोरात चालवली की वारा छातीवर बसतो, तसं. वेग दुप्पट झाला की बल चौपट. याला रोध म्हणू.

दुसरं कारण पाण्याचं त्वरण. पाणी वेग बदलत असतं आणि खांब मधे उभा असतो, म्हणून खांबाच्या जागेत मावलं असतं तेवढं पाणी, आणि आजूबाजूचं थोडं, आपलं जडत्व खांबावर काढतं. हे जडत्वाचं बल.

वरच्या लाटेत १ मीटर व्यासाचा खांब ठेवला तर पृष्ठभागाजवळ दर मीटर लांबीला रोध सुमारे १,८०० न्यूटन आणि जडत्वाचं बल सुमारे १,९०० न्यूटन येतं. जवळपास सारखंच. आता खांब १० मीटर व्यासाचा करा. रोध व्यासाच्या पटीत वाढतो, म्हणून १० पट. जडत्वाचं बल छेदाच्या क्षेत्रफळाच्या पटीत वाढतं, म्हणून १०० पट! म्हणजे १८,००० न्यूटन विरुद्ध १,९०,००० न्यूटन. 'व्यास दसपट केला तर क्षेत्रफळ किती पट?' हा नेहमीचा प्रश्न इथं किती महत्त्वाचा ठरतो ते बघा. मोठ्या वस्तूंच्या बाबतीत लाटेचा झोत दुय्यम ठरतो आणि जडत्व मुख्य होतं.

वस्तूची रुंदी तरंगलांबीच्या एक-पंचमांशापेक्षा जास्त झाली की ही रीतही पुरत नाही. तेव्हा वस्तू स्वतःच लाटेला अडवते, वळवते, परत पाठवते. मग वस्तूच्या पृष्ठभागाचे शेकडो छोटे तुकडे करून प्रत्येकावरचा दाब संगणकाने काढतात आणि बेरीज करतात. तत्त्व तेच, बल = दाब × क्षेत्रफळ.

आता तरंगणारी बार्ज

समजा एक बार्ज ८० मीटर लांब, २५ मीटर रुंद आहे आणि ४ मीटर पाण्यात बुडालेली आहे. (हे आपलं वर्गातलं उदाहरण, पी-३०५ ची मापं नव्हेत.) आर्किमिडीजच्या तत्त्वाने तिचं वजन लगेच निघतं:

८० × २५ × ४ × १.०२५ = ८,२०० टन

आपली ६ मीटरची लाट समोरून आली. शृंग बार्जखाली आलं की तळावरचा दाब वाढतो, गर्त आलं की कमी होतो. हा दाब पूर्ण तळावर बेरीज केला तर बार्जला वर उचलणारं बल सुमारे ३,२५० टन वजनाएवढं येतं. बार्जच्या वजनाच्या ४० टक्के! पाच सेकंदांनी तेवढंच खाली. एक गंमत मुलांना सांगा: बार्ज नेमकी तरंगलांबीएवढी लांब असती, तर अर्ध्या तळाला वर आणि अर्ध्या तळाला खाली बल मिळून उचलणारं बल जवळपास शून्य झालं असतं. मोठं जहाज त्याच लाटेत कमी का उसळतं, याचं हे एक कारण.

आडवं बल बघू. बार्जच्या पुढच्या आणि मागच्या टोकावरच्या दाबातला फरक घेतला तर सुमारे ५७० टन येतं. कधी पुढे, कधी मागे.

आता मुलांना विचारा, 'एवढ्या बलाला अडवायला साखळदंड किती जाड पाहिजे?' बहुतेक मुलं जाडी सांगायला लागतात. इथंच पाठाचा गाभा आहे.

अडवायचं नाही, ढील द्यायची

बार्जला त्या ५७० टनांना अडवायचंच नसतं. मोकळी सोडली तर बार्ज लाटेबरोबर पुढे-मागे किती जाईल? न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने उत्तर येतं सुमारे पावणेदोन मीटर पुढे आणि तेवढीच मागे. बार्जसोबत आजूबाजूचं पाणीही हलतं, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी. म्हणजे नांगराच्या दोराने साडेतीन मीटरची हालचाल सुखाने होऊ दिली, तर लाटेचं ते प्रचंड बल बार्जला हलवण्यातच खर्च होतं. दोरावर फारसं येतच नाही. दोर ताठ असेल तर मात्र ५७० टन थेट त्याच्यावर.

नांगराची साखळी म्हणून झोळ देऊन सोडतात. तिचा बराच भाग समुद्रतळावर पडलेला असतो. बार्ज सरकली की साखळी तळावरून उचलली जाते आणि तिचं वजन बार्जला हळूच मागे ओढतं. कपडे वाळत घालायची दोरी बघा. थोडा झोळ असलेली दोरी ओली चादर सहज पेलते, तीच दोरी तारेसारखी ताणून बांधली तर खिळा उपटतो. दाव्याला बांधलेल्या बैलाचंही तसंच. दावं पुरेसं लांब असेल तर बैल मान हलवतो, माश्या उडवतो, खुंटीला काही होत नाही.

पण ढील एकदा संपली की? बार्ज आधीच एका बाजूला ओढली गेली असेल, साखळी पूर्ण ताठ झाली असेल आणि त्याच वेळी मोठी लाट आली, तर सगळा हिसका साखळीवर येतो. तेव्हा साखळी तुटते, नाहीतर नांगर तळातून उपटून फरफटतो. मग पुढचा प्रश्न असा, की बार्जला आधीच एका बाजूला कोण ओढून ठेवतं?

लहान पण एकाच दिशेची ओढ

दोघं जण ओढतात.

पहिला वारा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. बार्जची पाण्यावरची बाजू ८० मीटर लांब आणि १२ मीटर उंच धरली, तर वाऱ्याचं बल येतं सुमारे ४५ टन.

दुसरी लाटच, पण वेगळ्या रूपात. लाट बार्जवर आदळून काही अंशी परत फिरते. चेंडू भिंतीवर आपटून परत येताना भिंतीला ढकलतो, तसं परत फिरणारी लाट बार्जला सतत पुढे रेटते. याचं सूत्र जपानच्या मारुओ यांनी १९६० मध्ये दिलं, आणि त्यात परत फिरलेल्या लाटेच्या आयामाचा वर्ग येतो. ३ मीटर आयामातला १ मीटर परत फिरतो असं धरलं, तर ८० मीटरच्या बाजूवर सुमारे ४१ टन. लाटांची उंची दुप्पट झाली तर हे बल चौपट.

दोन्ही मिळून ८६ टन. ५७० पुढे हे काहीच नाही असं वाटतं, पण ५७० टन दर पाच सेकंदांनी उलटतात आणि हे ८६ टन उलटतच नाहीत. तासन्‌तास एकाच बाजूला ओढत राहतात. ढील हेच खातात.

दिशेचा फरक मोजून बघा. वारा आणि लाट बार्जच्या लांबट बाजूऐवजी २५ मीटरच्या टोकावर आली तर हेच हिशेब १४ आणि १३ टन देतात, एकूण २७. तिपटीहून जास्त फरक! एकाच टोकाला बांधलेलं जहाज वाऱ्याकडे तोंड फिरवून घेतं. कामासाठी चारी बाजूंनी नांगरलेल्या बार्जला ते जमत नाही. आणि चक्रीवादळ जवळून जाताना वाऱ्याची दिशा बदलत जाते.

झोपाळ्याचा नियम

झोपाळ्याला योग्य वेळी हलका धक्का देत राहिलं की तो उंच जातो. प्रत्येक डोलणाऱ्या वस्तूचा स्वतःचा दोलनकाल असतो, आणि धक्के त्याच तालात आले की अनुनाद होतो.

तरंगणाऱ्या पेटीच्या वर-खाली डोलण्याचा काल काढायचं सूत्र लंबकासारखंच आहे. फक्त दोरीच्या लांबीऐवजी बुडालेली खोली घ्यायची. ४ मीटर बुडालेल्या बार्जला ४ सेकंद येतात. सोबत हलणारं पाणी बार्जएवढंच जड धरलं तर ५.७ सेकंद. वादळी लाट १० सेकंदांची, म्हणून इथं ताल जुळत नाही. बार्ज लाटेबरोबर वर-खाली जाते.

पण साखळ्यांवर बार्ज जी सावकाश पुढे-मागे होते तिचा काल एक-दोन मिनिटांचा असतो. लाटा एकसारख्या येत नाहीत, काही मोठ्या, मग काही लहान, अशा झुंडीने येतात. दहा-दहा सेकंदांच्या दहा लाटांची झुंड म्हणजे १०० सेकंद. ती एकाच दिशेची ओढ या झुंडींबरोबर वाढते, कमी होते, आणि ताल जुळला तर बार्ज हळूहळू मोठे झोके घेऊ लागते. एकेक लाट मोजून हा धोका दिसत नाही, झुंडी मोजाव्या लागतात.

सरासरीने फसू नये

'लाटांची उंची ६ मीटर' असा इशारा येतो, तेव्हा ती प्रत्येक लाटेची उंची नसते. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. वर्गातल्या पहिल्या दहा मुलांची सरासरी ८० असेल तर पहिल्या मुलाचे गुण ८० पेक्षा जास्तच असणार. तसंच इथं. तीन तासांत दहा सेकंदांच्या १,०८० लाटा येतात आणि त्यांतली सर्वांत मोठी त्या आकड्याच्या जवळपास १.८६ पट असू शकते. ६ मीटरच्या समुद्रात एक लाट ११ मीटरची. नांगराचा हिशेब तिच्यासाठी करायचा असतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था किनाऱ्याजवळ तरंगत्या गोळ्यांनी लाटा मोजते आणि अंदाज देते. हे आकडे तिथूनच समजतात.

वर्गात काय करता येईल

पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. या संस्थेची सुरुवात १९१६ मध्ये झाली. बंदरांच्या आणि लाटरोधक भिंतींच्या लहान प्रतिकृती करून तिथं लाटांची चाचणी घेतात. या प्रतिकृतींचा नियम विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. लांबी १०० पट लहान केली की वेळ १० पट लहान होतो आणि बल १० लाख पट लहान.

आपली बार्ज १०० पट लहान केली तर ८० सेंटीमीटर × २५ सेंटीमीटर, ४ सेंटीमीटर बुडालेली, वजन ८ किलो. लाट ६ सेंटीमीटर उंच, आवर्तकाल १ सेकंद. आणि १ टनाचा झाला १ ग्रॅम! म्हणजे ८६ टनांची ओढ प्रतिकृतीत फक्त ८६ ग्रॅम. हे ऐकल्यावर मुलांचे डोळे चमकतात.

एवढी मोठी सोय नसेल तर तीन छोटे प्रयोग पुरतात. पाण्याच्या खोल तलावावर मुलांना नेऊ नका, हे सगळं शाळेच्या टबातच करा.

१. परीक्षानळीत थोडी वाळू घालून ती १० सेंटीमीटर बुडेल अशी तरंगत ठेवा, हलकेच दाबून सोडा, मोबाईलवर चित्रफीत घ्या. सूत्राने दोलनकाल ०.६३ सेकंद येतो. थोडासा जास्त आला तर सोबत हलणाऱ्या पाण्याची गोष्ट सांगा.

२. जेवणाच्या रिकाम्या डब्याला दोरा बांधून टबाच्या तळाशी दगडाला अडकवा. आधी दोरा ताठ, मग ढिला. पाट्याने लाटा करा आणि दगड कधी सरकतो ते नोंदवा.

३. ढिल्या दोऱ्यावरच्या डब्यावर पुठ्ठ्याने वारा घाला, आधी अरुंद बाजूवर, मग रुंद बाजूवर. ढील संपल्यावर लाटा करा. आता दगड हलतो.

तिसऱ्या प्रयोगात सगळा पाठ येतो. मोठ्या लाटेने एकटीने दगड हलला नव्हता. मंद वाऱ्याने ढील खाल्ली, मग त्याच लाटेने हलवला.

पालकांसाठी

२०२१ च्या त्या वादळाचा इशारा हवामान खात्याने काही दिवस आधी दिला होता. असा इशारा आल्यावर बार्ज नांगरावर ठेवायची की बंदरात आणायची, हे ठरवताना वरचेच हिशेब लागतात: लाट किती, वारा कोणत्या बाजूचा, ढील किती शिल्लक. दोर तुटायला लागल्यावर हिशेब करून काही उपयोग नसतो. तो आधी, कागदावर करायचा असतो. उद्या तुमचा मुलगा किंवा मुलगी जहाजावर, बार्जवर, कुठल्याही धोक्याच्या कामावर गेली, तर 'इथं किती बलाचा हिशेब धरला आहे, आणि वादळ आलं तर आपण कधी निघायचं?' हे विचारण्याइतकं गणित तिच्याजवळ असू द्या. वर्ग, क्षेत्रफळ, सरासरी आणि न्यूटनचा दुसरा नियम, एवढ्यावर हा प्रश्न विचारता येतो. हे सगळं नववी-दहावीतच शिकून होतं.

प्रयोग केलात तर दगड कितव्या लाटेला हलला, ते मुलांच्या वहीत तारखेसह जरूर लिहून ठेवा.